काकूचा पहारा

माझ्या वडिलांकडे, आबांकडे, गावची पोलीसपाटीलकी होती, पण त्यांना स्वतःला पोलिसांचा भारी कंटाळा. आष्ट्याच्या ठाण्यातून फौजदार यायचा म्हटलं की आधी त्याची सरबराई, मग त्याच्या घोड्याची, आणि वर पुन्हा गावालाच दरडावणी.

लढाई संपली आणि धाकटे काका पलटणीतून घरी आले. माणूस हसरा, पण अधूनमधून बसल्या जागी कुठंतरी हरवायचा. त्या हिवाळ्यात आमचं गुऱ्हाळ लागलं होतं. एका सकाळी काकांनी ऊस तोडायचा कोयता खांद्यावर धरला आणि गुऱ्हाळाच्या वाटेवर ठाण मांडलं. कुणी पुढं झालं की ओरडायचे, "थांब! कोन हाय?" आतले गडी आत अडकले, बाहेरचे बाहेर.

जाणती मंडळी आबांना म्हणाली, "पाटील, आष्ट्याला वर्दी द्या. कुनाची तरी मान जाईल."

पोलीस आले असते तर काकांना दोर लावून नेलं असतं आणि तिथून वेड्यांच्या इस्पितळात. आमच्या भागातलं तिकडं गेलेलं एकही माणूस परत आलेलं मी पाहिलं नव्हतं. मी रडकुंडीला आले. आबा म्हणाले, "कोयता खांद्यावर हाय तवर त्यो माझा भाऊ हाय. कुनावर उगारला, तर मीच आष्ट्याला घोडं धाडतो."

मग त्यांनी गावातले पेन्शनर बोलावले. आमच्याकडे घरटी एक पलटणीतला, त्यामुळं कुठल्याही दुखण्यावर हाच उपाय सुचायचा. एक म्हातारे सुभेदार मिशा सावरत पुढं झाले आणि त्यांनी असा हुकूम सोडला की बांधावरचे कावळे उडाले. "हुश्शार!" काकांनी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि आधीपेक्षा कडक पहारा सुरू केला. मला हसू आवरेना. आईनं दंडाला चिमटा काढला.

तेवढ्यात काकू आली. लुगड्यावर काकांचा खाकी कोट, खांद्यावर मुसळ. थोरल्या दिरासमोर कधी मान वर न करणारी ही बाई आबांना ओलांडून सरळ काकांपुढं जाऊन उभी राहिली.

"बदली आलीया," ती म्हणाली. "तुमचा पहारा संपला. जेवून घ्या."

काकांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. कोटाचं एक बटण उघडं होतं, ते लावायला सांगितलं. तिनं लावलं. मग कोयता तिच्या हाती देऊन ते घरी आले, पोटभर जेवले आणि झोपले.

आणि मग गावाचं हसू जे सुटलं! सुभेदारसुद्धा मिशीतल्या मिशीत हसत होते. गुळाच्या कढईखालचं चुलवाण पुन्हा पेटलं, बायकांनी काकूला ऊन ऊन काकवी आणून पाजली, येणारा जाणारा तिला सलाम ठोकू लागला. मला त्या दिवशी ती इतकी आवडली की काय सांगू.

दिवस कलला तरी ती जागची हलेना. शेवटी आबा स्वतः गेले. "झोपलाय त्यो. आता चल घरला, पोरी."

"उठल्यावर इचारतील, पहाऱ्यावर कोन हाय," काकू म्हणाली. "तवा मी खोटं सांगू व्हय?"

 आबांनी डोक्यावरचा पटका सारखा केला आणि ते तिच्या शेजारी उभे राहिले.