शर्टाच्या मापाची बंदूक

कन्नडहून निघालेल्या एसटीत सरितानं मांडीवर कापडी पिशवी घेतली होती आणि पिशवीत नवऱ्याचा शर्ट होता. नवरा नव्हता. घाटाखालच्या वळणावर ट्रकनं मोटारसायकल उडवली, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून सरिता रडलीच नाही, ही गावातल्या बायकांची जुनी तक्रार. तेराव्याच्या पंगतीत सगळे हुंदके देत होते, तेव्हा ही वाढप्याला मिठाचा डबा कुठं आहे ते सांगत होती. भावकीला ते लई लागलं. त्यांनी जेवण मात्र सोडलं नाही.

आता शर्ट कशाला, तर बंदुकीचं माप द्यायला.

बंदूक काकासाहेबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची. जुनी दुनळी. मागचा लाकडी दस्ता मुठीपाशी चिरलेला. राजेंद्रनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मोटारसायकलच्या क्लचची तार गुंडाळून तो कसाबसा धरून ठेवला होता. भंगलेलं हत्यार दसऱ्याच्या पूजेला चालत नाही, म्हणून काकासाहेब दर वर्षी झेंडूचा हार बरोबर त्या तारेवर येईल असा घालायचे. कुणी बघितलंच तर म्हणायचे, "देवाला दिसतंय सगळं, पण देव चौकशीला येत नाय."

देव नाही आला, रानडुकरं आली. निम्मी मका लोळवून गेली. काकासाहेबांची सत्तरी उलटलेली, हात थरथरायचा. लायसन वारसाच्या नावावर करायचं ठरलं आणि वारस म्हणून घरात सरिताच उरली होती. ती ऑफिसात जिथं उभं राहा म्हणाले तिथं उभी राहिली, जिथं सही कर म्हणाले तिथं सही केली. लायसन आलं. काकासाहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि ट्रंकेतून शर्ट काढला.

"दस्ता नवा बसवायचा तर राजाच्या मापाचा बसव. बाहीवरनं माप निघतंय."

"चालवायची मला आहे, मामा."

"तू चालीव. पण बंदूक त्याची हाय."

तिनं शर्ट पिशवीत घातला. दीड वर्षात तिला उत्तर द्यायची सवयच उरली नव्हती. हो म्हटलं की माणसं निघून जातात, एवढं तिला कळलं होतं.

शहरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या बंदुका दुरुस्त करायच्या दुकानात बंदूक आधीच जमा होती. दुकानाचे मिस्त्री गफूरचाचा, त्यांनी नळ्यांवरचा गंज काढून त्यांना नवा काळा रंग चढवला होता. शिसवीचा ठोकळा शिकंज्यात आवळून धरला होता. बंदुकीच्या लोखंडाला दिव्याची काजळी फासायची, ते लाकडात दाबायचं, जिथं काळा डाग उठेल तेवढंच खरवडायचं, आणि पुन्हा दाबायचं, लोखंड लाकडात चपखल बसेपर्यंत. असं त्यांचं चाललं होतं. सरितानं पिशवीतून शर्ट काढून ठेवला.

"ये क्या लाई?"

"माप."

"बाई, दर्जी दोन दुकानं सोडून बसतो. त्याला द्या, उद्या बटनं लावून देईल."

"सासऱ्यांनी दिलाय. ह्या मापाचा दस्ता करा म्हणाले."

"अरे, तो शर्टवाले को ही लाना था ना."

"ते नाहीत."

चाचांनी शर्ट उचलला, हातावरची काजळी लागू न देता त्याची घडी घातली आणि तो बाजूच्या बाकावर ठेवला. मग पुन्हा ठोकळ्याकडं वळले.

"चलाएगा कौन?"

"मी."

"मग हात तुमचा पाहिजे. लांब दस्ता केला तर बोट चापापर्यंत जाणार नाही, मागचं टोक काखेत अडकेल. डुक्कर समोर उभं राहून हसेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरी काही सांगायचं असेल तर सांगा, चाचानं ऐकलं नाही म्हणून. मेरेकू गाली देंगे, देने दो."

सरिता उभीच होती. दीड वर्षात प्रत्येक गोष्टीचं उत्तर दुसरं कुणीतरी देत होतं, आणि ते बरं होतं. ह्याचं उत्तर मात्र तिच्याच हाताकडं होतं. घडीतून सुटलेली शर्टाची बाही बाकाच्या कडेवरून खाली लोंबत होती. तिनं पाहिलं. काही वाटेल म्हणून थांबली. भूक लागल्यासारखं वाटलं, तेवढंच.

तिनं कोपरात हात दुमडून पुढं केला. चाचांनी पट्टी कोपराच्या खोबणीपासून चापाच्या बोटापर्यंत धरली आणि लाकडावर पेन्सिलीची रेघ मारली.

"शर्ट घेऊन जा."

"राहू द्या. पुसायबिसायला होईल."

"तेल जिरवायला जुनं सुती कापड लागतंच. पण... पक्का?"

"सुती आहे," सरिता म्हणाली, आणि एसटी पकडायला निघाली.

दसऱ्याच्या सकाळी बंदूक पाटावर आली. शिसव काळपट लाल चमकत होती. हार होता, पण लपवायला तार नव्हती, म्हणून तो कसाही पडला होता. काकासाहेबांनी बंदूक उचलली आणि खांद्याला लावली. दस्ता आखूड. नाक अंगठ्यावर आपटलं. पुन्हा लावून पाहिली. पुन्हा आपटलं.

"हे राजाचं माप नाय."

"नाय."

"मिस्त्री चुकला?"

चाचांनी स्वतःवर घेऊ केलेली शिवी समोर तयार होती. नुसतं हो म्हणायचं होतं, माणूस निघून गेला असता.

"नाय मामा. मीच माझा हात दिला."

काकासाहेबांनी दस्त्यावरून तळवा फिरवला. मग लाकूड नाकाशी नेलं.

"जवसाचं तेल हाय. शर्ट कुठंय?"

"त्या शर्टानंच तेल जिरवलं. दुकानात राहिला."

आता म्हातारा ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडला असता तरी तिला चाललं असतं. न ओरडला तरी. काकासाहेबांनी पुन्हा एकदा वास घेतला, जरा जास्तच वेळ, आणि बंदूक तिच्या हातात दिली. तिनं लावली. बरोबर बसली. अंगाला चिकटून, मापात शिवल्यासारखी.

"माझ्या तर काय कामाची राहिली नाय," काकासाहेब म्हणाले.

"नाय."

त्यांनी पाटावरचं एक आपट्याचं पान उचललं, तिच्याकडं धरलं आणि बाहेर मकेकडं बघत विचारलं, "मका कधी काढायची म्हणतीस?"

"डुकरांनी ठेवली तर सोमवारी."