आधी सत्कार, मग व्हिसा

मी सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतो आहे आणि आजवर एकाच परदेशात गेलो आहे. नेपाळला. तेही समाजाच्या बसमधून. सारनाथ, बोधगया, लुंबिनी असा दौरा होता आणि सीमा आली तेव्हा मी झोपलेलो होतो. बायकोनं हलवून उठवलं आणि म्हणाली, "आवो, देश बदलला." मी खिडकीबाहेर पाहिलं. एक माणूस सायकलवर गवताचा भारा घेऊन चालला होता. केनवडच्या रस्त्यावर दिसतो तसाच. मी पुन्हा झोपलो.

आमच्याकडची माणसं परदेशी का जात नाहीत, असं कोणी विचारलं की लोक पैशाचं नाव सांगतात. ते खरंच आहे, पण तेवढंच नाही. आमची सगळी सोयरीक वाशीमला एकदा बस बदलली की संपते. बायकोचं माहेर केनवडला, बहीण मानोऱ्याला, आम्ही कामरगावला. आणि जिथे पोचतो तिथे आम्हाला राहता येत नाही. मुक्कामाला गेलेला आमचा माणूस सकाळचा चहा घेताघेताच चपला शोधू लागतो. माझे वडील पुतणीच्या लग्नाला मानोऱ्याला गेले आणि पंगत उठायच्या आत परत आले, कारण गोऱ्ह्याला पाणी दाखवायचं राहिलं होतं. गोऱ्ह्याला काकांनी तोवर दोनदा पाणी दाखवलं होतं. मी स्वतः पुण्याला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो तो सहाव्या दिवशी पोटदुखीचं निमित्त करून घरी आलो. त्या पोटदुखीचा दाखला अजून माझ्या फायलीत आहे. पोट दुखत नव्हतं.

अशा घरातली मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर एका थंड देशात गेली. देशाचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, बोल त्यांना लागायला नको.

मागच्या वर्षी तिचा फोन आला की तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. पण तिच्या डॉक्टरांनी विमानाचा प्रवास करू नका म्हणून सांगितलं होतं. रात्रीच्या भाकरी थापताना बायको म्हणाली, "तिले माहेरी येता येत नाई, तं माहेरानं तिकडे जायचं."

मी म्हणालो, "तिकडे दवाखाने चांगले आहेत."

"माहीत आहे मले."

मग तिनं एक गोष्ट सांगितली. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या आधीच तिची आई गेलेली होती. दवाखान्यात तिच्याजवळ माझी वहिनी होती आणि वहिनीला म्हशीची धार काढायला घरी परतायचं होतं. मुलगी झाली तेव्हा खोलीत घरचं कोणीच नव्हतं. मी कुठे होतो ते मी तिला विचारलं नाही. मी बाहेर चहा पीत होतो.

लग्नाला तीस वर्षं झाली. ही गोष्ट तिनं तेवढ्यात एकदाच सांगितली.

म्हणून आम्ही पासपोर्ट काढले. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा शेजारचे चार जण कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि मी काय केलं असावं याबद्दल आपापसात बोलू लागले. पोलिसानं चहा घेतला, सही घेतली आणि गेला. तोपर्यंत माझे थोरले भाऊ आले. ते आधी ग्रामपंचायतीचे सदस्य होते, आता नाहीत, पण सत्कार करायची त्यांची सवय गेलेली नाही. कोणाचा पोरगा दहावी झाला, कोणाची बदली झाली, कोणाचा मुतखडा पडला, भाऊंकडे शाल तयार असते.

"पोरगी तं सासरची झाली. आपल्या घरातून पहिला माणूस परदेशी चालला," भाऊ म्हणाले. "गावाले कळलं पाहिजे."

"दादा, व्हिसा तं येऊ दे."

"व्हिसा येईनच. मांडववाला येणार नाई. पुढच्या रविवारपासून त्याले लग्नाच्या तारखा आहेत. आता करायचा तं हाच रविवार."

आमच्याकडे मांडववाल्याच्या तारखेपुढे नवरा-नवरीचं चालत नाही, व्हिसाचं काय चालणार.

रविवारी शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. फलकावर आम्हा दोघांचे फोटो, वर विमान, आणि खाली शुभेच्छुक म्हणून भाऊंचा फोटो, जो आमच्या दोघांच्या मिळून होता त्याहून मोठा होता. तीन भाषणं झाली. मुख्याध्यापक म्हणाले की सरांनी आयुष्यभर नकाशावर काठी ठेवून जग दाखवलं, आता ते स्वतः त्या काठीच्या टोकावर चालले आहेत. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण टाळ्या पडल्या. मला सतरा नारळ मिळाले. एका बाईंनी कुरडयांचा डबा आणून दिला. त्यांचा भाचा कॅनडात होता.

मी म्हणालो, "आमी कॅनडाले नाई चाललो."

"पण तिकडूनच जासान ना," त्या म्हणाल्या. "कोणाजवळ तरी देऊन द्या."

मी भूगोलाचा शिक्षक आहे. डबा घेतला.

मग कागदपत्रं जमवली. सातबारा, पगाराचे दाखले, घराची कर पावती, सगळ्यांचं वाशीमला जाऊन इंग्रजी करून घेतलं. मुलगी फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होती, "बाबा, तुम्ही परत जाणार आहात, याची त्यांना खात्री पटली पाहिजे. तेवढंच पाहतात." मला हसू आलं. मी परत येणार नाही अशी शंका आजवर कोणाला आलेली नव्हती.

भाऊंनी फाईल चाळली आणि म्हणाले, "यात इज्जत दिसून नाई राह्यली. शेतं तं सगळ्याइचीच असतात. सत्काराचे फोटो लाव."

मला पटलं. एवढं गाव ज्याच्यासाठी जमतं तो माणूस भरवशाचा, हे कोणालाही कळेल. मी आठ फोटो लावले. निमंत्रणपत्रिकाही लावली, भाषांतरासकट. बायकोच्या फायलीतही लावायला गेलो तर तिनं हात धरला.

"माह्या कागदात हे नका लावू. गळ्यात हार घालून बसवलं मले. वारल्यावानी दिसून राह्यली मी."

"अगं, मान असतो तो."

"तुमच्या कागदात लावा मंग तुमचा मान."

तिच्या फायलीत सातबारा आणि मुलीचं पत्र एवढंच गेलं. नागपूरला जाऊन आम्ही बोटांचे ठसे दिले आणि त्याच दिवशी परत आलो. मुक्काम केला नाही.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट आले. तिच्या पासपोर्टावर व्हिसा होता. माझ्या पासपोर्टात एक पत्र होतं. सभ्य पत्र होतं. दिलेल्या कागदपत्रांवरून अर्जदार मुदत संपल्यावर आपल्या देशी परत जाईल अशी खात्री पटत नाही, असं त्यात लिहिलेलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. मग फायलीची माझ्याजवळची प्रत उघडली आणि कधी नव्हे ते त्या फोटोंकडे परक्या माणसाच्या नजरेनं पाहिलं. एक माणूस हार घालून खुर्चीत बसला आहे. सारं गाव समोर आहे. बाया डोळ्याला पदर लावत आहेत. एक म्हातारा त्याच्या गळ्यात पडला आहे. पत्रिकेवर लिहिलं आहे, निरोप समारंभ. मी अधिकारी असतो तर मीही व्हिसा दिला नसता.

भाऊंना सांगितलं. ते पत्र उलटसुलट पाहून म्हणाले, "म्हंजे फोटो चांगले आले होते."

आता वेळ उरला नव्हता. मुलीला नववा लागला होता. पुन्हा अर्ज करायचा तर पुन्हा तेवढेच दिवस जाणार. मी बायकोला म्हणालो, "एकटी कशी जासीन? मधात एक विमान बदलायचं आहे."

"बदलायचं कसं असते?"

"उतरायचं, मग दुसऱ्या विमानाच्या दारापाशी जाऊन बसायचं."

"फलाट लिहिलेला राहते?"

"राहतो."

"मंग वाशीमलेही तसंच असते. माहेरी जाताना मी एकटीच बदलते ना. तुमी कधी आले संगं?" ती डिंकाचे लाडू डब्यात भरत होती. "अन् तुमी आले असते तं सामान मीच सांभाळलं असतं, वरून तुमाले."

मी नागपूरच्या विमानतळावर काचेच्या बाहेर उभा राहिलो. आत जाताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिच्या हातात मुलीनं पाठवलेला बाणांचा नकाशा होता आणि ती पाट्या वाचत चालली होती. नकाशा वाचायला मी तिला कधी शिकवलं नव्हतं. मी परतीची बस धरली.

पुढचे दिवस मी घरातून फार निघालो नाही. ज्याचा सत्कार झाला त्यानं गावात दिसणं बरं नव्हे. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, तेवढं एक बरं होतं. पण चौथ्या दिवशी चहापत्ती संपली. किराणा दुकानात गेलो तर दुकानदारानं वर पाहिलं आणि विचारलं, "कधी आले सर?"

मी म्हणालो, "कालच."

हे मी का म्हणालो ते मला सांगता येत नाही. शब्द तोंडात तयारच होता.

"थंडी असन तिकडे."

"हो, बरीच."

"लवकर आले पण."

"शेताचं होतं," मी म्हणालो. यावर त्यानं मान हलवली. हे कारण आमच्याकडे कुठल्याही देशाहून परत यायला पुरतं. संध्याकाळपर्यंत गावात मी परदेशातून आलेला होतो. भाऊंनी कोणालाच खरं सांगितलं नाही, उलट आल्याचा एक छोटा सत्कार करायचा का म्हणून विचारून गेले. कुरडयांचा डबा कपाटावर होता. त्या बाईंनी भाच्याला पोचला का विचारलं तेव्हा मी म्हणालो, दिला कोणाजवळ तरी.

बायकोचा फोन रोज यायचा. मुलीच्या पायावर सूज आहे. इथे शेपूची भाजी भेटते पण वास नाही. शेजारीण रोज हसते, बोलत नाही. एकदा मी विचारलं, "करमते का?"

"करमाले वेळ कुठे आहे," ती म्हणाली.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला. तिचा आवाज आधी नीट कळलाच नाही. मुलगी झाली होती. दोघी बऱ्या होत्या. खोलीत एकाच माणसाला थांबू देत होते आणि जावई म्हणाले होते, आई, तुम्ही थांबा, तिला तुमचाच हात धरायचा आहे.

"रात्रभर हात धरून होती," बायको म्हणाली. "मनगटाले वळ आले माह्या." लांबून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

मग तिनं विचारलं, "जिलेबी वाटली?"

"आता तं तू सांगतलं."

"मंग निघा. घरोघर जा. माह्या मैत्रिणीपासून सुरू करा, भाऊजीपासून नको, ते मांडव घालतीन."

मुलगी झाली की आमच्याकडे जिलेबी वाटतात. मी तीन किलो घेतली आणि निघालो. वाटेत पहिलं दुकान किराण्याचंच लागतं. दुकानदारानं पुडा हातात घेतला.

"पोरीले पोरगी झाली," मी म्हणालो. "आज सकाळी."

"अरे वा. बाळंतपणाच्या आधीच निंगून आले सर? जवळ कोण होतं मंग पोरीजवळ?"

त्याच्यामागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातल्या एकीनं मला आहेर केला होता.

"तिची आई होती," मी म्हणालो. "मी गेलोच नव्हतो. मले व्हिसावाल्याइनं येऊ दिलं नाही. ती एकटी गेली, विमान बदलून."

दुकानदारानं जिलेबीचा तुकडा तोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.

"सर," तो म्हणाला, "मंग सत्कार त्याइचा एकटीचाच करा लागत होता."

मी हो म्हणालो आणि पुढच्या घरी गेलो. तिथेही तेच सांगितलं. चौथ्या घरापासून बातमी माझ्या पुढे पोचलेली होती आणि लोकांनी मला बसा म्हणायचं सोडून दिलं. ते सरळ तिच्याबद्दल विचारू लागले.