कासारणीचा हात

काचेची बांगडी मनगटावर उतरताना आधीच्या बांगड्यांना हलकेच भिडते आणि एक नाजूक किणकिण उमटते. त्या नादातच मी लहानाची मोठी झाले. माझी आई बेलापूरच्या बाजारातली कासारीण. परक्या बाईचा आखडलेला पंजा हातात घेऊन ती म्हणायची, "हात ढिला सोडा बाई, लई ताठ धरलाय," आणि बोलता बोलता बांगडी सांध्यांवरून अलगद पार होई. भरून झाल्या की कितीही मोठ्या घरची बाई असो, आईला वाकून नमस्कार करी. तसा रिवाजच आहे. केवढा मान तो!

मग कंपवाताने त्याच हातांना कंप सुटला. काच तडकू लागली, मनगटे ओरखडू लागली, गिऱ्हाईक ओसरले. आणि मी काय केले? माझ्या डोहाळजेवणाच्या बांगड्या श्रीरामपुरात गुपचूप भरून आले. मला वाटले, तिची लाज राखली. तिने माझ्या मनगटांकडे पाहिले नि एवढेच म्हणाली, "काच चांगली हाय." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गेल्या वर्षी पुण्याला तिच्या मेंदूत खोलवर बारीक तारा बसवल्या आणि छातीवर, कातडीखाली, छोटी बॅटरी. आजार जाणार नाही, कंप तेवढा आवरेल, असे डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावले होते. काही आठवड्यांनी त्यांनी यंत्र सुरू केले. तो अदृश्य, मंद विद्युत्प्रवाह मज्जातंतूंच्या बेबंद कल्लोळात शिरला आणि माझ्या डोळ्यांदेखत आईची बोटे निवत गेली. काय वर्णावे ते! बाईंनी पारखण्यासाठी पाण्याचा पेला पुढे केला. आईने तो बाजूला सारला, पदराची गाठ सोडून एक हिरवी बांगडी काढली आणि माझ्याकडे वळली.

"पेला कोन बी धरील. तू हात दे."

माझाच हात ताठरला.

"ढिला सोड. आता मी हाय."

बांगडी सांध्यांवरून पार झाली, काचेचा ओरखडासुद्धा न उमटता. कासारणीला करायचा तो नमस्कार मी, घरचीच लेक म्हणून, आईला जन्मात कधी केला नव्हता. तिथेच, त्या यंत्रासमोर, मी वाकले. अभिमानाने ऊर भरून आला होता, आणि थोडी शरमही होती.

मान वर केली, तर डॉक्टरीणबाई मनगटावरचे घड्याळ काढून आईपुढे हात करत होत्या. पदराच्या गाठीत आईने आणखी दोन बांगड्या ठेवल्या होत्या. त्या एकमेकींना भिडल्या, आणि ती किणकिण मला पुन्हा ऐकू आली.