मोठे टायर आणि तवंदीचा घाट

आमच्या घरात सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिलाच. म्हणून या धाडसाबद्दल आधीच क्षमा मागतो. लिहिलेलं मात्र मागे घेणार नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीकडच्या शिवारातून जुन्या ट्रकनं ऊस कारखान्याला नेतात. काळ्या रानात गाडीचं पोट टेकायचं, म्हणून यंदा त्यांनी मोठे टायर चढवले. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं चिरडली. रानातून गाडी सहज निघू लागली, पण भरल्यावर तवंदीच्या घाटात पार धापा टाकायची. क्लचचा जळका वास यायचा.

गॅरेजचे मेस्त्री म्हणाले, "इंजिन दमलंय आप्पा. इकून टाका. तुमचंबी वय झालंय."

त्या शेवटच्या वाक्यानं मी पेटलो.

"इंजिन न्हाय दमलं," मी म्हणालो. "चाक मोठं झालंय. एका फेऱ्यात जास्त वाट तोडायची, म्हंजे ओढ कमी पडणारच. मागचा एक्सल टिपरचा घाला. त्याच्या दात्यांमुळं इंजिन जास्त फिरतंय, चाक कमी. ओढ परत येती."

"लई शिकलास की रं! आता ट्रकबी कॉलेजात घालतोस काय?" मेस्त्री म्हणाले.

गॅरेजात चहा पीत बसलेले सगळे हसले.

"हसा," मी म्हणालो. "पण गाडी इकायची न्हाय."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "पळायला कमी येईल काय रं?"

"व्हय. हायवेला सावकाश जाईल. इंजिन बोंबलंल." खोटं कशाला सांगू?

"घाला," आप्पा मेस्त्रींना म्हणाले. "घाट चढली न्हाय, तर इकतो."

जुना टिपरचा एक्सल मिळाला, बसला. पहिली भरलेली खेप निघाली त्या दिवशी मी बेळगावात कॉलेजला होतो. तिथल्या वडगाव भागातल्या माझ्या खोलीला शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट. फोन ऐकू येणार नाही म्हणून मी बोळात येऊन उभा राहिलो. पुस्तक हातात होतं, पण पान उलटलं नाही. माझं चुकलं असेल तर गाडी जाणार होती, आणि आप्पा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होणार होते.

दुपार कलली तेव्हा फोन आला.

"वर आलोय. गाडी बाजूला लावून बोलतोय. वास न्हाय, काय न्हाय." आप्पा म्हणाले. "मागनं समदी हॉर्न मारत हुती, पळव म्हणून. मारू देत की. रस्ता त्यास्नी हाय, तसा आपल्यालाबी हाय."