फौजीच्या बहिणीचे चौदा पहारेकरी

नोकरीतल्या पुष्कळ गुन्ह्यांचे तपशील आता डोक्यातून गेले. आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळतात. पण सांगलीतली एक केस अशी आहे, की ती आठवली की अजूनही मी कपाळावर हात मारून घेतो. कधी त्या केसमधल्या मुलीच्या भावासाठी, कधी स्वतःसाठी.

निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरली होती. मी ज्या ठाण्याचा प्रभारी होतो त्याच्या हद्दीत एसटी स्टँड, दोन कॉलेजं आणि मुलींची चार-पाच वसतिगृहं होती. एके दिवशी सकाळची हजेरी चालू असताना एक तिशीतला, केस बारीक कापलेला माणूस सरळ माझ्या केबिनमध्ये आला आणि ताठ उभा राहिला. ज्याच्या घरी खरंच काही घडलेलं असतं तो माणूस आधी खुर्ची नाहीतर पाणी मागतो. यानं दोन्ही मागितलं नाही.

"साहेब, आमी फौजी. गाव औंधकडं. धाकटी बहीण हितं नर्सिंगला हाय. तिच्यावर जरा लक्ष ठेवायचं."

"काय झालंय?"

"झालं काय न्हाई."

"कुणी त्रास दिला? पाठलाग केला? फोन केला?"

"न्हाई. पर व्हायच्या आत बघा म्हणतो मी."

मी त्याला समजावलं, की काही घडलं असेल तर तक्रार घेता येते, संशय असेल तर अर्ज घेता येतो. नुसत्या काळजीची नोंद स्टेशन डायरीत कशी करू? तो ऐकून घेत होता, पण त्याला पटत नव्हतं. खिशातून वही काढून त्यानं वसतिगृहासमोर आठवडाभर लागलेल्या मोटारसायकलींचे नंबर वाचायला सुरुवात केली. त्यातला एक नंबर आमच्याच एका शिपायाचा होता. त्याचं घर त्या गल्लीत होतं.

रजा संपेपर्यंत हा गृहस्थ तीनदा आला. आई लहानपणीच वारलेली, वडील चार वर्षांपूर्वी गेले. उसाच्या शेताच्या दोन तुकड्यांवर आणि याच्या पगारावर बहीण शिकत होती. हे सगळं ऐकून माणूस वाईट नाही हे कळत होतं. पण तिसऱ्या खेपेला त्यानं वसतिगृहाच्या फाटकावर पोलीस शिपाई नेमण्याचा लेखी अर्ज दिला, तेव्हा माझा संयम सुटला. "अहो, तुमची बहीण एकोणीस वर्षांची आहे, एकोणीस महिन्यांची नाही," असं मी मोठ्यानं बोललो. तो म्हणाला, "जग लय वाईट हाय, साहेब. अनोळखी माणसाचा भरवसा न्हाई." अर्ज ठेवून, सॅल्यूट करून निघून गेला.

तो सीमेवर रुजू झाला आणि आमचा त्रास वाढला. माझा नंबर त्यानं कुठून मिळवला कोण जाणे. मी गणपतीच्या बंदोबस्तात उभा, आणि याचा फोन. "साहेब, पोरगी दोन तास झालं फोन उचलत न्हाई." महिला हवालदार बाईंना पाठवलं, तर मुलगी रुग्णालयात वॉर्ड ड्यूटीवर. तिथं फोन बाळगायला परवानगी नाही. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी बाई मला म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी तुम्हीच जा."

मग एक दिवस ती मुलगीच ठाण्यात आली. बारीक चणीची, पण आवाज भावासारखाच खणखणीत.

"सर, तुम्ही दादाला सांगा ना. रिक्षावाला विचारतो, काल उशिरा का आलीस? झेरॉक्सवाला म्हणतो, दादाचा फोन आला होता, डबा नीट खा. मेसचे काका, मेडिकलवाला, स्टँडवरचा कंट्रोलर, सगळे माझ्यावर लक्ष ठेवून असतात. मला निम्म्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत. ही कोण माणसं आहेत?"

मी काय करायला हवं होतं? तिला बसवून, ती माणसं एकेक करून विचारायला हवी होती. त्या दिवशी मोर्चा होता, वरून दोनदा फोन येऊन गेले होते, आणि या भावाबहिणीला मी वैतागलो होतो. मी म्हणालो, "बाळ, हा तुमचा घरचा मामला आहे. भाऊ काळजीपोटी करतो. जा, अभ्यास कर." ती वळून निघून गेली.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी एका एसटीच्या वाहक बाईंचा ठाण्याला फोन आला. ठाणे अंमलदारानं तो माझ्याकडे दिला. बाई सांगत होत्या, "साहेब, स्टँडवर चार दिवस झालं एक माणूस दिसतोय. मोबाईलमधी एका पोरीचा फोटो हाय, ती कुठल्या गाडीनं येती-जाती इचारतोय. मी हटकला तर म्हणला, तिच्या भावाचा दोस्त हाय, भावानंच सांगितलंय."

पोरीचं वर्णन विचारलं. तीच होती.

मी काय म्हणालो ते आजही शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "असेल हो. त्या भावानं अर्ध्या सांगलीला सांगून ठेवलंय." अंमलदाराला एक ओळ लिहून ठेवायला सांगितली आणि पुढच्या कामाला लागलो. एक अनोळखी बाई स्वतःचं काम सोडून फोन करते, आणि तीस वर्षं नोकरी झालेला अधिकारी तिला 'असेल हो' म्हणतो. याचा राग दुसऱ्या कुणावर काढणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्यातून फोन आला. हायवेवरच्या एका जेवणाच्या हॉटेलातून एकशेबारा या मदत क्रमांकावर कॉल आला होता. तिथं एक मुलगी आहे, ती तुमचं नाव सांगते आहे. एक इसमही ताब्यात आहे.

मी आणि महिला हवालदार बाई लगेच निघालो.

मुलगी हॉटेलच्या भटारखान्यात, भाकऱ्या थापणाऱ्या बायकांच्या मधोमध पाटावर बसली होती. हातात चहाचा पेला तसाच होता, चहावर साय धरली होती. घडलं ते तिनं क्रमानं सांगितलं.

सकाळी अकराला कॉलेजच्या फाटकाबाहेर एक माणूस पांढरी कार घेऊन आला. म्हणाला, मी तुझ्या दादाचा दोस्त. दादा अचानक रजेवर येत होता, साताऱ्याजवळ अपघात झाला, दवाखान्यात आहे, तुला आणायला पाठवलंय. तिनं दादाला फोन लावला, लागला नाही. त्याच्या चौकीवर दोन-दोन दिवस रेंज नसायची. मग तिनं त्या माणसाला ओळखीचा शब्द विचारला.

"कसला शब्द?" मी विचारलं.

"दादानंच ठरवलाय. तो म्हणतो, माझं नाव सांगून कुणी आलं तर आधी शब्द विचार, बरोबर सांगितला तरच विश्वास ठेव. आमच्या जुन्या खिलारी बैलाचं नाव. सरज्या."

"आणि त्यानं सांगितला?"

"लगेच. म्हणून तर बसले गाडीत."

पेठ नाका गेला, कराड जवळ आलं. तो माणूस फार गोड बोलत होता. तिला वॉर्डातली सवय, अपघाताचा रुग्ण म्हटलं की प्रश्न विचारायची. रक्त किती गेलं, कुठलं हाड, शुद्धीवर आहे का. उत्तरं दर वेळी बदलायला लागली. तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई पोचली का दवाखान्यात?"

तो म्हणाला, "व्हय की. आईच रडत बसलीया उशाला."

मुलगी सहा वर्षांची असतानाच तिची आई गेली होती.

तिनं चेहरा हलू दिला नाही. उलटी होतेय म्हणाली आणि पहिल्या हॉटेलवर गाडी थांबवायला लावली. मोरीकडे जाते असं सांगून सरळ भटारखान्यात शिरली. त्या बायकांना एवढंच म्हणाली, "मावशी, हा माणूस माझा कोणी नाही." त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. एकीनं दार लावून घेतलं, दुसरीनं मालकाला फोन करायला सांगितलं.

तो माणूस दारावर आला. "माझी बहीण हाय, डोकं ठिकाणावर न्हाई तिचं, पाठवा भाईर."

मालकीणबाई हातात उलथनं घेऊन दारात उभ्या राहिल्या. "बहीण हाय न्हवं? मग बस की गप बाकड्यावर. पोलीस आलं की त्यांच्यासमोर घिऊन जा."

पोलीस म्हटल्यावर तो गाडीकडे पळाला. पण त्याच्या कारच्या मागे दुधाचा टेम्पो आडवा लागला होता आणि टेम्पोवाला जेवत होता. पोलीस येईपर्यंत त्यानं ताट सोडून उठायला साफ नकार दिला.

आरोपीला ठाण्यात आणलं. वय पस्तीस, धंदा बदली ड्रायव्हर. सुरुवातीला तो अगदी शांत होता. मला म्हणतो, "साहेब, माझी काय चूक? भावानंच सांगितलंय लक्ष ठेव म्हणून. फोन बघा माझा." मला वाटलं खोटं बोलतोय. फोन उघडून बघितला तर खरंच भावाचे मेसेज. 'तुमचे उपकार विसरणार नाही.' 'आज तिला उशीर आहे, बघा जरा.'

आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप. 'बहीण सुरक्षा.' सदस्य चौदा. रिक्षावाला, झेरॉक्सवाला, मेसवाले, मेडिकलवाला, सगळे त्यात. ग्रुपवर मुलीचा फोटो, कॉलेजचं वेळापत्रक, वसतिगृहाचा पत्ता, ड्यूटीच्या तारखा. आणि सगळ्यात वर भावाचा मेसेज: 'ओळखीचा शब्द सरज्या. बाहेर कुणाला सांगू नये.'

हवालदार बाईंनी तो वाचला, मला दाखवला आणि खुर्चीत मागे टेकल्या. मला हसावं की ओरडावं कळेना.

संध्याकाळी एकदाचा भावाचा फोन लागला. आरोपीचं वर्णन सांगून मी विचारलं, हा तुमचा कोण?

"तो व्हय? लय चांगला माणूस हाय, साहेब. रजेवर येताना सातारा-सांगली गाडीत शेजारी बसलेला. तीन तास बोलत आलो. त्यालाबी धाकटी बहीण हाय म्हणला."

"आणि तुम्ही त्याला ग्रुपमध्ये घेतलंत."

"व्हय. का, काय झालं?"

मी काय झालं ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "निघतो, साहेब."

त्यानंतर आरोपीची चौकशी सोपी गेली. कॉल रेकॉर्डमध्ये दिसलं, की तो ग्रुपमधल्या एकेकाला स्वतंत्र फोन करत होता. झेरॉक्सवाल्याकडून सुटण्याची वेळ काढली, रिक्षावाल्याकडून रस्ता, मेसवाल्याकडून भाऊ दूर आहे आणि फोन लागत नाही ही खबर. प्रत्येकानं जबाबात एकच सांगितलं, "भावाचाच माणूस म्हणून सांगितलं हो." कुणाचाही हेतू वाईट नव्हता. सीमेपलीकडे कर्नाटकात त्याच्यावर असाच एक गुन्हा दाखल असल्याचं निघालं. ते कागद पुढे ठेवल्यावर त्याचा शांतपणा संपला, आणि त्यानं सगळं कबूल केलं. मुलीला कुठे नेणार होता तेही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. दोषारोपपत्र मुदतीत गेलं. निवृत्तीनंतर दोनदा साक्षीला गेलो. त्याला शिक्षा लागली.

भाऊ चौथ्या दिवशी आला. गणवेशातच, थेट रेल्वे स्टेशनवरून. बहिणीला बघून त्याचा बांध फुटला, तिनं त्याला रडू दिलं. मग डोळे पुसून त्यानं पहिलं काम काय केलं? मोबाईल काढला आणि मला विचारलं, "साहेब, त्या हाटेलातल्या बायकांचा नंबर मिळंल का? चांगल्या बायका हायत. त्यास्नी ग्रुपमधी..."

मी टेबलावर हात आपटला. पण मी बोलायच्या आत मुलीनंच त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला. "दादा, माझ्याभोवती तू इतके अनोळखी लोक उभे केलेस, की खरा अनोळखी कोण तेच मला ओळखू येईना. काळजी वाटली तर मला विचार. मी सांगेन कोण बरं, कोण वाईट. त्या मावशी बऱ्या आहेत हे मी ओळखलं की नाही?"

तो मान खाली घालून म्हणाला, "व्हय गं. ओळखलंस." तिनं त्याच्यासमोर तो ग्रुप बंद केला.

व्याख्यानाला बोलावतात तेव्हा पालक मला विचारतात, मुलींच्या सुरक्षेसाठी काय करावं. कॅमेरे, ॲप, पहारा याबद्दल ऐकायची त्यांची तयारी असते. मी त्यांना या केसच्या फाईलबद्दल सांगतो. तिच्यात भावाचा अर्ज आहे, चौदा जणांचे जबाब आहेत, वाहक बाईंच्या फोनची एक ओळ आहे. ती मुलगी स्वतः ठाण्यात आली होती आणि 'ही कोण माणसं आहेत' असं तिनं मला विचारलं होतं, त्याची मात्र कुठेच नोंद नाही. तिचा पहिला जबाब आम्ही घेतला तो ती त्या गाडीत बसून आल्यावर.