कोरा तुंबा

अनिझोबा चाळीस वर्षं ताडावर चढत आला. त्याच्या ताडीनं भलेभले आडवे केले, हीच त्याची अब्रू. त्याचा पुतण्या इकेदी मात्र मिशनच्या शाळेत मास्तर झाला. नशेच्या थेंबालाही शिवणार नाही, अशी शपथ त्यानं पाद्रीबाबांसमोर घेतली होती.

लग्न ठरलं न्वाकाएगोशी. देवळातला आशीर्वाद नंतर. आधी मुलीनं मांडवात ताडीचा प्याला ओठाला लावून नवऱ्याच्या हाती द्यायचा, त्यानं तो रिकामा करायचा. त्याशिवाय तिचा बाप ओझोएमेना मुलगी देणार नव्हता. ताडी मुलाकडची.

"काका, प्यालो तर नोकरी गेली. नाही प्यालो तर ती गेली."

"पाद्री काय म्हणतो?"

"चढत नसेल ते खुशाल पी, म्हणतात."

"मग रडतोस कशाला?"

ताडी आंबते ती जुन्या तुंब्याच्या तळाशी राहिलेल्या साक्यामुळं, हे अनिझोबाला ठाऊक होतं. त्यानं कोरा तुंबा उकळत्या पाण्यानं तीनदा धुतला, पहाटे झाडाला लावला आणि रस गळताच उतरवून थेट मांडवात आणला. ही नुसती नीरा. घटकाभरच तशी राहणार.

पण म्हाताऱ्यांची भाषणं संपेनात. ऊन वर आलं. अनिझोबानं तुंब्याला कान लावला. आत बारीक चुरचुर सुरू झाली होती.

"पुरे झालं पुराण! प्याला भरा आता!" तो ओरडला.

सगळे चपापले. मुलाकडच्यानं असं बोलायचं नसतं. ओझोएमेनानं कपाळाला आठ्या घालून रीतीप्रमाणे पहिला घोट घेतला आणि थू केलं.

"हे काय रे? बाळंतिणीचं दूध? भाषणं थांबवलीस ती यासाठी?"

"अनिझोबाला दात येतायत वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. मांडव हसला.

चार शब्द सांगितले असते तर अब्रू वाचली असती. पण मग ओझोएमेनानं दुसरी, कडक ताडी मागवली असती.

"गुडघे गेले रे," अनिझोबा खाली बघत म्हणाला. "आता एवढंच जमतं. पोरीला बोलाव."

न्वाकाएगोनं गुडघे टेकून घोट घेतला. तिनं एकदा अनिझोबाकडं पाहिलं आणि सरळ इकेदीपुढं जाऊन प्याला धरला. त्यानं तो एका दमात संपवला.

त्या वर्षी ओझोएमेनाच्या गावानं ताडी दुसऱ्याकडून घेतली. पुढच्या सुगीनंतर मिशनमधली तीन लग्नं निघाली. तिन्ही घरांतून अनिझोबाला निरोप आला, कोरा तुंबा घेऊन ये. तो कुरकुरला, पण गेला.