एकाच पिशवीत दोन औषधं

“माधवला समुद्री काकडीच्या कॅप्सूल कुणी दिल्या, काही कल्पना? आई म्हणते, जत्रेतून आणल्या.”

किडनीच्या डॉक्टरांचा फोन. मी म्हणालो, “चौकशी करतो, सर.” चौकशी कसली डोंबलाची! डबा माझ्याच काउंटरवरून गेला होता.

सोनपेठमध्ये माझं मेडिकल आहे. माधवला त्याच्या आईनं, कावेराबाईंनी, स्वतःची किडनी दिलीय. शरीर दुसऱ्याची किडनी परकी समजून तिच्यावर तुटून पडतं. म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. गावात त्या मीच मागवतो.

गेल्या महिन्यात कावेराबाई, मी त्यांना मावशी म्हणतो, गोळ्या न्यायला आल्या. काउंटरवरचा डबा उचलून म्हणाल्या, “ह्ये काय हाय, भाऊ?”

“इम्युनिटी बूस्टर.”

समुद्री काकडी नावालाच काकडी. समुद्राच्या तळाशी सरपटणारा मऊ प्राणी तो. त्याच्या अंगातली काही द्रव्यं प्रयोगशाळेत रोगाशी लढणाऱ्या पेशींना चेतवतात. माणसात किती, कुणी खात्रीनं सांगत नाही.

“पोरगं लय वाळलंय. चालंल का त्याला?”

गिऱ्हाइकं खोळंबली होती. “नॅचरल आहे, चालतं,” मी म्हणालो. प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या आणि ती चेतवायचा डबा, दोन्ही एकाच पिशवीत घालून दिली. बी.फार्म. झालोय म्हणे मी!

आणि आता माधवचं क्रिएटिनिन वाढलेलं. म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं. मी शटर ओढलं आणि एसटीनं हॉस्पिटल गाठलं. मावशी वॉर्डाबाहेर बसल्या होत्या.

“मावशी, खोटं का सांगितलं? कॅप्सूल मी दिल्या.”

“हळू बोला! ज्यानं दिल्या त्याची कम्प्लेंट करतो म्हनलेत डॉक्टर. तुमचं दुकान बंद पडलं तर ह्याच्या गोळ्या कोन आनून देनार?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी, आणि मला वाचवायची काळजी त्यांना. सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो.

“सर, मीच दिल्या. आईनं विचारलंही होतं.”

“डब्यावर काय लिहिलंय, वाचलं नव्हतं?”

“वाचलं होतं.”

“मग?”

मग काय! गिऱ्हाइकं खोळंबली होती, हे कारण सांगायचं?

किडनी वाचली, पण पहिल्यासारखी चालत नाही. कॅप्सूलमुळेच झालं, असं डॉक्टर छातीठोक म्हणत नाहीत. त्यानं माझी लाज कमी होत नाही.

मावशी अजून गोळ्यांना येतात. परवा माधवला खोकला होता. मी कपाटाकडे हात नेला.

“ऱ्हाऊ द्या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरला इचारते.”

बरोबरच आहे. ‘मला माहीत नाही’ म्हणायला डिग्री लागत नाही. मीही आता तसं म्हणतो. एकट्या मावशी तेवढ्या मला आता विचारत नाहीत.